मीटरवरचा आकडा

जर्मन कंपनीची छोटी आलिशान गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की बाजारात तिची किंमत एका नव्या डिझायरएवढी उरते. हे खरं आहे. मी त्याचा अर्थ असा लावला की डिझायरच्या पैशांत आता ती गाडी वापरायलाही मिळेल. तो अर्थ चुकीचा होता, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच झाल्या.

2013 ते 2015 या काळात मर्सिडीजची ए-क्लास, बीएमडब्ल्यूची 1 सिरीज, ऑडीची ए3 अशा गाड्या भारतात आल्या. मोठ्या आलिशान गाडीचं नाव आणि बांधणी, पण आकार आणि किंमत आटोपशीर. तेव्हा त्या वीस-बावीस लाखांपासून सुरू व्हायच्या आणि वरच्या मॉडेलची गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीस लाखांच्या घरात जायची. मी 2022च्या दिवाळीत घेतलेली गाडी याच वर्गातली, 2014ची डिझेल सेडान. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं त्यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नव्हता.

कराडला आमचं शेतीपंप आणि पाइपचं दुकान आहे. सबमर्सिबल पंप घ्यायला आलेला शेतकरी अश्वशक्ती विचारतो, हेड म्हणजे पाणी किती उंच चढेल ते विचारतो, किती स्टेजचा पंप आहे ते विचारतो, पितळी नेमप्लेट उन्हात धरून वाचतो. जो वाचत नाही त्याला मी वाचून दाखवतो, कारण बोअर दोनशे फुटांचा आणि पंप कमी हेडचा नेला तर हंगाम वाया जातो. कागद आणि नेमप्लेट वाचणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे. गाडी घेताना मात्र मी फक्त गाडीकडे पाहत राहिलो.

ती हवी का होती, तेही सांगायला हवं. पुण्यात कंपन्यांच्या डीलर बैठका होतात, मोठ्या हॉटेलांत. बरोबरीचे लोक मोठ्या गाड्यांतून उतरायचे आणि मी माझी जुनी गाडी मागच्या गल्लीत लावून चालत यायचो. कुणी कधी काही बोललं नाही. मलाच ते सलायचं. शिवाय मला गाडी चालवायला मनापासून आवडतं, कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट हा रस्ता तर फार. एकदा एका स्नेह्याची अशी गाडी त्या रस्त्याने चालवली होती आणि वळणावर ती जशी जमिनीला धरून राहिली, ते मनातून जाईना. दोन्ही इच्छा खऱ्या होत्या. त्या इतक्या तीव्र असताना मी तपासायला एकटा गेलो, ही पहिली चूक.

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती उभी होती. पासिंग दिल्लीचं, किंमत साडेसात लाख. महाराष्ट्र पासिंगची तशीच गाडी दीड-दोन लाखांनी महाग होती. विक्रेत्याने कारण सांगितलं, आणि ते खरं होतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015च्या आदेशाने दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आली आणि 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. त्यामुळे तेव्हा नववं वर्ष लागलं की तिथले मालक गाडी काढायला लागायचे. तीच गाडी इथे पंधरा वर्षांपर्यंत चालते. स्वस्ताईचं हे एक खरं कारण मिळालं आणि मी दुसरं कारण शोधायचं थांबलो. आज मागे पाहताना मला हीच सगळ्यांत घातक जागा वाटते. धडधडीत खोटं सांगितलं असतं तर कदाचित मी सावध झालो असतो.

मी जाणार हे आधी कळवलं होतं. पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. आता कळतं की अशा गाडीचं इंजिन थंड असताना, आपल्या समोर पहिल्यांदा सुरू झालं पाहिजे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आवाज, धूर आणि थरथर यांतून पुष्कळ कळतं, आणि गरम इंजिन ते सगळं झाकतं. फेरी मारली ती बाणेरहून महामार्गावर. गाडी सुसाट गेली, मी भारावलो. पण ड्युअल क्लच गिअरबॉक्सचा दोष वेगात दिसत नाही. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी, दुसरा सम गिअरांसाठी. गाडी तिसऱ्यात चालू असताना चौथा आधीच तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल जाणवत नाही. झीज दिसते ती रांगत्या गर्दीत, पहिला-दुसरा-पहिला करताना, नाहीतर चढावर रिव्हर्स घेताना. तिथे गाडी हलका झटका देते, थरथरते. मी तिला गर्दीत नेलंच नाही. पाऊण तासात टोकन देऊन मोकळा झालो. टोकन गेलं आणि त्यानंतर दिसलेल्या प्रत्येक खुणेला मी स्वतःच उत्तरं शोधू लागलो.

खुणा होत्या. मीटरवर अठ्ठावन्न हजार किलोमीटर होते, पण ड्रायव्हर सीटची दाराकडची कड चेपलेली होती, स्टिअरिंगचं चामडं हाताखाली गुळगुळीत झालं होतं आणि ब्रेक पेडलचं रबर एका बाजूने झिजलं होतं. अठ्ठावन्न हजारांत असं होत नाही. मी म्हटलं, दिल्लीची गर्दी, सारखं चढणं-उतरणं. सर्व्हिसची एकच पावती मिळाली, शेवटची. आधीच्या मी मागितल्या नाहीत. तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचच्या या गिअरबॉक्सचं तेल साधारण साठ हजार किलोमीटरला बदलावं लागतं. मीटरवरचा आकडा त्याच्या जरासा अलीकडे होता, म्हणजे तेल बदलल्याची पावती नसणं साहजिकच ठरत होतं. त्यात काही जुळवलेलं असेल अशी शंकाही मला आली नाही.

विम्याची पॉलिसी तर हातात होती. तिच्यावर नो क्लेम बोनसचा रकाना असतो. क्लेम न घेतलेल्या पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास. एकाच मालकाची आठ वर्षांची गाडी, अपघात नाही, असं मला सांगितलं होतं. तसं असतं तर तिथे पन्नास टक्के असायला हवे होते. तिथे वीस होते. म्हणजे वर्ष-दोन वर्षांपूर्वी क्लेम घेतलेला होता. पुढे कोल्हापूरच्या मेकॅनिकने बंपर काढल्यावर आतली रेडिएटरची चौकट बदललेली निघाली, बोल्टच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला होता. तो आकडा पॉलिसीच्या पहिल्याच पानावर छापलेला होता आणि मी पॉलिसी फक्त मुदत पाहायला उघडली होती.

पैशांची सोयही मी नको तिथून केली. इतक्या जुन्या, परराज्यातल्या गाडीवर कर्ज महाग पडत होतं, म्हणून दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलली. जानेवारीनंतर पंपांचा हंगाम सुरू होतो, माल आधी भरून ठेवावा लागतो. ते पैसे मालाचे होते. पत्नीने तेव्हा एवढंच विचारलं, "अहो, हंगामाच्या तोंडावर?" मी म्हटलं, दोन महिन्यांत भरून काढतो. ती आमच्या हिशेबाच्या वह्या बघते, तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. मी तिचं ऐकलं नाही, आणि विचारल्याचा राग आल्यासारखं दाखवलं. या सगळ्या प्रकरणात मला अजून खुपतं ते तेच.

मग आरटीओ. दिल्लीहून नाहरकत म्हणजे फॉर्म 28, हस्तांतराचे 29 आणि 30, बँकेचा बोजा उतरवल्याचा 35, एवढं एजंटने सांगितलं. बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इथला एकरकमी कर भरावा लागतो. मला वाटलं होतं, साडेसात लाखांवर काहीतरी टक्के बसतील. पण कराची मोजणी गाडीच्या मूळ किमतीवरून सुरू होते. वीस लाखांच्या वरच्या डिझेल गाडीला पंधरा टक्के, आणि मग वयाप्रमाणे त्यात घट. घट धरूनही दीड लाखाच्या वर गेले. महाराष्ट्र पासिंगच्या गाडीत आणि हिच्यात जो फरक होता, तो जवळजवळ सगळा तिथेच संपला. टोकन देण्याआधी कराडच्या एजंटला एक फोन केला असता तर हे कळलं असतं.

तरी सांगतो, ते पहिले महिने फार आनंदाचे होते. पहाटे पाटणच्या रस्त्याने एकटाच निघायचो. दोन लिटरचं डिझेल इंजिन, खालच्या फेऱ्यांतच मिळणारी ओढ, घाटात ट्रक मागे टाकताना लागणारा एवढासा वेळ. दार बंद होतानाचा तो भरीव आवाज. कोयनानगरला चहा घेऊन परत यायचो आणि दिवसभर दुकानात मन प्रसन्न असायचं. या गाड्या उत्तम बनवलेल्या असतात, हे मी आजही म्हणेन. आठ वर्षं आणि एवढे मैल झाल्यावरही ती अशी चालत होती. मी फसलो म्हणून ती वाईट ठरत नाही.

खंबाटकी घाटात ती थांबली. उन्हाळा लागत होता, पुण्याहून बैठक आटोपून आम्ही दोघं परत येत होतो. पुण्याकडून येताना तेव्हा बोगदा नव्हता, घाट चढून यावं लागायचं. पुढे ट्रकांची रांग, पायी चालल्याइतका वेग, पहिला गिअर, थांबा, पुन्हा पहिला. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. मी एसी बंद केला आणि पुढे सरकत राहिलो. तिथे बाजूला घेऊन थांबायला हवं होतं. थोड्याच वेळात गिअरची अक्षरं लुकलुकू लागली आणि गाडीने ओढणं सोडलं. मागे वाहनं तुंबली. क्रेनवाला आला, त्याने मागची बाजू उचलायची तयारी केली. या गाडीला ताकद पुढच्या चाकांतून मिळते. ती चाकं रस्त्यावर टेकवून टोचन केलं असतं तर गिअरबॉक्सचं उरलंसुरलंही गेलं असतं. मला हे माहीत नव्हतं. मागच्या टेम्पोच्या चालकाने खाली उतरून त्याला थांबवलं आणि फ्लॅटबेड मागवायला लावला.

पुण्यातल्या वर्कशॉपने अंदाज दिला तो साडेतीन लाखांचा, क्लच आणि गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारं मेकॅट्रॉनिक युनिट मिळून. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे. गाडीची किंमत तीसवरून साडेसातवर आली होती, पण तिचे सुटे भाग तीस लाखांच्या गाडीचेच होते. त्यांची किंमत तिच्याबरोबर उतरत नाही. हेडलाइट, सेन्सर, टायर, पंप, सगळ्यांना हेच लागू आहे. साडेसात लाख देऊन मी फक्त गाडीचा मालक झालो होतो. ती रस्त्यावर ठेवायचा खर्च निराळा होता आणि तो मी हिशेबात धरलाच नव्हता.

आमच्या एका गिऱ्हाइकाने कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मेकॅनिकचं नाव सुचवलं. गाडी तिकडे नेली. त्याने आधी हात लावला नाही, स्कॅनर जोडला आणि बराच वेळ वाचत बसला. मग मला जवळ बोलावलं.

"साहेब, किती पळालीय म्हणून घेतली होती?"

"अठ्ठावन्न हजार."

"हे बघा." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. एखादा दोष नोंदवताना गाडीचा संगणक त्या क्षणाचा वेग, तापमान आणि किलोमीटरही लिहून ठेवतो. गिअरबॉक्सच्या संगणकात एक जुना दोष पडून होता, एक लाख चार हजार किलोमीटरवर नोंदवलेला. मी गाडी घेण्याच्या कितीतरी आधीचा. "मीटर मागं घेतलंय. डॅशबोर्डचं घेतात, सगळ्या खोक्यांतलं घ्यायला कुणाला वेळ असतोय?"

त्याने आणखी एक गोष्ट शिकवली, ती मी तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. विकण्याआधी दोष पुसून टाकले असतील तर ‘एकही दोष नाही’ या अहवालाला अर्थ नसतो. गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या चाचण्या चालता चालता करत असते, आणि दोष पुसले की त्या चाचण्याही ‘अपूर्ण’ दाखवू लागतात. म्हणून दोष शून्य आणि चाचण्या अपूर्ण असं दिसलं की समजायचं, नुकतंच कुणीतरी पुसलंय. दोन-तीन हजारांचा स्कॅनर फोनला जोडूनही एवढं तरी कळतं. मीटरचा खरा आकडा काढायला मात्र त्या त्या कंपनीच्या गाड्यांची सखोल तपासणी करणारा स्कॅनर लागतो, आणि तो वापरणारा माणूसही.

त्याने मेकॅट्रॉनिक नवं घातलं नाही. गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नव्हतं. क्लचची झिजलेली भुकटी त्यात मिसळून बारीक झडपांमध्ये अडकली होती. त्याने झडपा साफ केल्या, क्लच नवे टाकले, तेल आणि फिल्टर बदलले. इंजिनचा टायमिंग बेल्टही काढून दाखवला. तो कोरडा पडून त्याला तडे गेले होते. या इंजिनात तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि सगळं इंजिन खोलावं लागतं. अठ्ठावन्न हजारांच्या भरवशावर मी तो आणखी काही वर्षं तसाच चालवला असता. सगळं मिळून दोन लाखांच्या थोडं वर बिल झालं. हंगामात आम्ही एका कंपनीचे पंप पुरेसे भरू शकलो नाही. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, त्यांतली काही परत आली नाहीत.

विक्रेत्याला फोन केला. त्याने करारपत्राचा फोटो पाठवला. ‘आहे त्या स्थितीत, तपासून, समाधानाने घेतली’ आणि खाली माझी सही. तेवढ्यावर मी गप्प बसलो. असं वाक्य लिहून घेतलं म्हणून फसवणूक माफ होत नाही, ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि त्यासाठी 2019च्या कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, हे एका वकील मित्राने सांगितलं तेव्हा मुदत टळली होती.

विम्याचंही तसंच झालं. गाडी नावावर झाली, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर चालू होती, मी समजलो की आपण सुरक्षित आहोत. मलकापूरला एका ट्रॅक्टरने मागचं दार आणि पत्रा चेपवला. क्लेम नाकारला गेला. तिसऱ्या पक्षाला मिळणारं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. चौदा दिवसांत अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. बोनससुद्धा माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो जुन्या मालकाबरोबर जातो. डेंटिंग-पेंटिंग खिशातून केलं.

आतापर्यंत जे लिहिलं ते निष्काळजीपणाचं आहे. यापुढचं तसं नाही.

2025मध्ये गाडी काढायची ठरवली. मीटरवर तेव्हा एकोणऐंशी हजार होते. खरे सव्वा लाखाच्या वर, हे मला माहीत होतं. जाहिरातीत मी एकोणऐंशी हजार लिहिले. एक व्यापारी मित्र म्हणाला, "तुम्ही कुठं मीटर फिरवलंय? जसं आलं तसं द्यायचं." ते मला पटलं, म्हणजे पटवून घेतलं. फोन येऊ लागले. कुणी किलोमीटर विचारले की मी म्हणायचो, "मीटरवर एकोणऐंशी आहेत." वाक्य असं जुळवलं होतं की त्यात खोटं काही नाही. ज्याने मला गाडी विकली त्यानेही शब्द असेच निवडले असतील.

विट्याहून एक तरुण आला, बरोबर त्याचे वडील. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातलं घर, बरीच वर्षं कोइमतूरला होते. वडील सोन्याचा कस बघणारे, पण गाडीतलं काही कळत नाही असं सरळ म्हणाले. मुलाला गाडी फार आवडली होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो पैशांचं बोलायला लागला. पत्नी पाणी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, ती कोल्हापूरची पावती दाखवलीत का त्यांना?"

पावतीची फाइल तिनेच ठेवली होती. मेकॅनिकने बिलावर दोन्ही आकडे लिहिले होते, मीटरवरचा आणि संगणकातला. मी फाइल आणली. वडिलांनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली आणि मला विचारलं, "मग जाहिरातीत हे का नाही?" मी सांगितलं की भाव पडेल म्हणून. त्यांनी मान हलवली, मुलाला अंगणात नेलं, बराच वेळ बोलले. परत येऊन एक लाख दहा हजार कमी करून मागितली. मी दिली. करारपत्रात किलोमीटरचा खरा अंदाज लिहिला, जुना अपघात लिहिला, आणि पॉलिसी नावावर करायचा अर्ज त्यांच्यासमोर बसून भरून घेतला.

ज्यांना मी फोनवर एकोणऐंशी सांगितले होते, त्यांच्यापैकी कुणी गाडी बघायला आलं नाही. आलं असतं आणि त्या वेळी पत्नी घरात नसती, तर मी फाइल बाहेर काढली असती असं मला म्हणता येत नाही.